भिंतीएवढे बाबा

प्रोजेक्टर मिळाला होता तो फक्त पाच वाजेपर्यंत, आणि तीन वाजता आमची एकूण प्रगती म्हणजे भिंतीवर पडलेला एक निळा चौकोन. त्यात पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सिग्नल नाही’.

“सिग्नल नाही म्हणतोय,” दाजी म्हणाले.

“मला वाचता येतं, दाजी.”

“तसं नाही रे. म्हणजे वायरमध्ये प्रॉब्लेम नाही. प्रॉब्लेम सिग्नलमध्ये आहे.”

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. विमा कंपनीत नव्या लोकांना शिकवायचं काम करतात. आठवड्यातून तीनदा पडद्यासमोर उभं राहून बोलतात, त्यामुळे प्रोजेक्टरच्या बाबतीत आपला हात धरणारा कुणी नाही अशी त्यांची समजूत. तिथे वायर लावायला वेगळा माणूस असतो, हे त्यांनी आम्हाला पावणेतीनला सांगितलं. मी छापखान्यात कॉम्प्युटरवर पानं लावतो. घरात याचा अर्थ असा घेतला जातो की जे जे विजेवर चालतं ते ते मला कळतं. मिक्सर अडकला तरी मला हाक. असे दोन उंटावरचे शहाणे दुपारी एक वाजल्यापासून एका खोक्याभोवती घिरट्या घालत होते.

खोली बाबांची होती. घराच्या मागच्या अंगाला, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. तिथे बसून बाबांनी आयुष्यभर पुस्तकं बांधली. सुटी झालेली पानं शिवायची, पुठ्ठा चढवायचा, वर खळ लावून कापड डकवायचं. खोलीला अजून खळीचा वास होता. खिडक्यांवर मी ब्लँकेटं ठोकली होती, शेल्फं बाजूला सरकवून एक भिंत मोकळी केली होती आणि पुस्तकं दाबायच्या लोखंडी शिकंज्यावर प्रोजेक्टर ठेवला होता, कारण या घरात न हलणारी तेवढी एकच वस्तू आहे. प्रोजेक्टर वाचनालयाचा. त्यांच्या निम्म्या कपाटांतली पुस्तकं बाबांच्या हातून गेलेली, म्हणून ग्रंथपाल बाईंनी दिला. पण उद्या सकाळी त्यांचा कार्यक्रम होता, आणि पाचला वाचनालयाला कुलूप लागतं. “पाच म्हणजे पाच,” असं बाई मला दोनदा म्हणाल्या.

भिंतीसमोर दोन स्टुलांवर आई आणि आत्या बसल्या होत्या. आई त्या निळ्या चौकोनाकडे बघत होती. दोन तास ती त्याच्याकडेच बघत होती, मध्येच उठून चहासुद्धा केला नव्हता. तिने एकदा जरी विचारलं असतं, ‘होणार आहे का नाही रे?’ तर मला ओरडायला तरी मिळालं असतं.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो.

पाच महिन्यांपूर्वी, एका गुरुवारी, मी बाबांचा व्हिडिओ घेतला. पुस्तक कसं शिवतात ते वाचनालयाला दाखवायचं होतं. समोरच्या शेल्फावर डब्याला टेकवून फोन उभा केला, सुरू केला, आणि तेवढ्यात छापखान्यातला माणूस दारात प्रुफं घेऊन आला म्हणून बाहेर गेलो. पाच मिनिटांनी परत आलो, फोन बंद केला, खिशात टाकला. रविवारी सकाळी बाबा गेले. छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यापर्यंतही पोहोचले नाहीत.

तो व्हिडिओ मी त्यानंतर पाहिला. बाबा शिवतायत, शिवतायत. मग हातातलं दाभण खाली ठेवतात, मान वर करतात आणि सरळ फोनकडे बघून बोलतात. चांगली चाळीस सेकंद. मध्येच एकदा हनुवटी स्वयंपाकघराच्या दिशेला उडवतात, त्या दिशेला बघत काहीतरी म्हणतात, आणि पुन्हा दाभण उचलतात. आवाज मात्र नाही. आवाजाच्या जागी कुणी भिंतीपलीकडे कपाट सरकवतंय अशी घरघर. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेला, दुसऱ्याकडे नेला. दोघांनी सांगितलं, जे रेकॉर्डच झालं नाही ते कुठून काढणार.

आणि आईला तेच हवं होतं. त्याला कारण होतं. मंगळवारपासून दोघांचा अबोला होता. छातीत जळजळतंय म्हणत होते, आईने डॉक्टरकडे चला म्हणून धोशा लावला, त्यांनी ‘पित्त आहे’ म्हणून झिडकारलं. शेवटी आई म्हणाली, तुम्ही चला म्हणेपर्यंत मी तुमच्याशी बोलणार नाही. आमच्या घरात अबोला म्हणजे नवीन काही नव्हतं. अडतीस वर्षांत डझनभर तरी झाले असतील, त्यातला एक अकरा दिवस चालला होता. तो मोडायचे नेहमी बाबाच, पण सरळ कधी नाही, मला मध्ये घालून. ‘तुझ्या आईला विचार, माझा चष्मा कुठे ठेवलाय.’ चष्मा डोळ्यांवर असायचा. तेवढ्यावर आई हसायची आणि गाडी रुळावर यायची. या वेळी चष्म्याची पाळी आलीच नाही.

“ते माझ्याकडे हनुवटी करून काहीतरी म्हणतायत,” आई म्हणायची. “ते अबोल्यातच गेले का नाही, एवढंच मला कळू दे. बाकी काही नको.”

आता माझ्या पोटातली गोष्ट. त्या गुरुवारी मी आत आलो तेव्हा बाबा म्हणाले होते, “तुला फोनमध्ये सांगून ठेवलंय. बघून घे.” मी म्हटलं, बघतो. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीन दिवस माझ्या खिशात ते होतं आणि मी बघितलं नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ताईलाही नाही.

आवाज नाही तर ओठ तरी आहेत, हे आत्याला सुचलं. आत्या बाबांची धाकटी बहीण. नवव्या वर्षी तापात तिचे कान गेले. त्यानंतर ती ओठांवरून ऐकायला शिकली, आणि असं शिकली की रस्त्याच्या पलीकडे उभी दोन माणसं काय बोलतायत ते अलीकडून सांगेल. छापखान्यात घडी घालायच्या विभागात तिने एकतीस वर्षं काढली. यंत्रांच्या खडखडाटात बाकीचे एकमेकांच्या कानात ओरडायचे आणि आत्या खोलीच्या दुसऱ्या टोकाहून निवांत गप्पा मारायची. तिच्यासमोर कुणाबद्दल बोलायची सोय नाही. फक्त एक आहे, जे आपण ऐकू नये असं तिला वाटतं तिथे ती डोळे मिटून घेते. घरात भांडण लागलं की आत्या डोळे मिटून बसलेली दिसायची. भांडण संपलं की आम्हीच तिच्या हाताला हात लावायचा.

पण आता तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्याचं व्हायचंय. फोनच्या पडद्यावर बाबांचं तोंड तांदळाच्या दाण्याएवढं, कारण मी मोठ्या हौसेने सगळी खोली चित्रात घेतली होती. बोटांनी मोठं करायला गेलं तर चित्र थांबायचं. आमचा टीव्ही जुना, त्याला फोन ऐकत नाही. “दादाचं तोंड मला ताटाएवढं करून दे,” आत्या म्हणाली होती. “मग वाचते.”

म्हणून प्रोजेक्टर.

पहिला उपाय सरळ होता, वायर. प्रोजेक्टरच्या पाठीत चपटं रुंद भोक, फोनच्या बुडाला बारीक भोक. मध्ये लावायला मोबाइलच्या दुकानातून एक अडॅप्टर आणला. दुकानदाराने मला फोनचं मॉडेल विचारलं, आणि छातीवर हात ठेवून सांगितलं की याच फोनला, याच पिनेने, शंभर टक्के चालतं. चाललं नाही. पिन लावली, काढली, उलटी लावली, फुंकर मारून लावली. फोनवर चार्जिंगची खूण यायची आणि जायची, भिंतीवर ‘सिग्नल नाही’.

“दुकानदाराने शेंडी लावली तुला,” दाजी म्हणाले. “मला विचारायचं होतंस.”

“तुम्हाला विचारूनच आणला.”

“मी म्हटलं होतं, बघून आण.”

व्हिडिओ दाजींच्या फोनवर पाठवून पाहिला. पाठवताना तो इतका आक्रसला की बाबांच्या तोंडाच्या जागी चार चौकोन हलायला लागले. छापखान्यातल्या कॉम्प्युटरला जोडून फाइल काढून घ्यायचा प्रयोग मी आधीच आठवडाभर करून बसलो होतो. कॉम्प्युटरला फोन दिसतच नाही, नुसता चार्ज होतो, तोही पिनेखाली कागदाची घडी सारून ठेवली तरच. घोडं कुठे पेंड खातंय ते काही कळेना.

मग दाजींनी खिशातून ठेवणीतलं अस्त्र काढलं. ऑफिसमधून आणलेलं अंगठ्याएवढं यंत्र. ते प्रोजेक्टरला लावायचं, मग वायरची गरजच नाही, फोनवरचं चित्र हवेतून भिंतीवर. “आधीच का नाही काढलं?” मी विचारलं. “तुझी वायरची हौस फिटू दे म्हटलं,” ते म्हणाले. मी ताईचा विचार केला आणि यंत्र प्रोजेक्टरला लावलं.

यंत्राला वायफाय लागतं. घरात वायफाय नाही. मग दाजींच्या फोनवरून हॉटस्पॉट. दाजींना त्याचा पासवर्ड आठवेना. तो त्यांनी स्वतःच ठेवलेला, ताईच्या वाढदिवसाचा. तीन तारखा घालून झाल्या, एकही लागली नाही.

“बावीस,” आई स्टुलावरून म्हणाली. दोन तासांत तिने उच्चारलेला तो पहिला शब्द.

पासवर्ड लागला. यंत्राने भिंतीवर एक गोल फिरवला आणि जाहीर केलं की ते आता स्वतःला अपडेट करणार आहे, कृपया बंद करू नका. तीन टक्के. चार टक्के. आम्ही चौघं अंधारात बसून आकडे बघत होतो. सात टक्क्यांवर ते दहा मिनिटं बसलं. आत्याने मला विचारलं, “हे काय लिहिलंय?” मी तोंड तिच्याकडे करून सांगितलं, “यंत्र शिकतंय.” ती म्हणाली, “आपण पाचपर्यंत म्हातारे होऊ.”

पावणेचारला शंभर टक्के झालं. मी फोनवर बटण दाबलं आणि माझा अख्खा फोन भिंतीवर उभा राहिला, माणसापेक्षा उंच. दाजींनी टाळी वाजवली. नेमक्या त्याच वेळी वरून ताईचा मेसेज उतरला आणि दोन हात लांब अक्षरांत भिंतीवर पसरला. ‘झालं का? आणि यांच्या नादी लागू नकोस, यांना घरचा रिमोट चालवता येत नाही.’

आत्याला वाचायला ओठांची गरज नव्हती, ती अक्षरं तिला स्पष्ट दिसत होती. तिने पदर तोंडाला लावला.

“रिमोट खराब आहे आमचा,” दाजी म्हणाले. “तुला सांगतो.”

मी घाईघाईने व्हिडिओ लावला. बाबा आले. भिंतीवर, त्यांच्याच खोलीत, आडवे मांडी घालून शिवत बसलेले, कारण फोन मी आडवा धरला होता आणि यंत्राला ते पटेना. ते सरळ केलं. आई जागच्या जागी ताठ झाली. दोरा वर गेला आणि तिथेच थांबला. मग हात खाली आला, मध्ये कुठूनच न जाता. बाबांनी मान वर केली, तोंड उघडलं, आणि तसेच राहिले, उघड्या तोंडाने. पाच सेकंद. मग एकदम तोंड मिटलेलं, मान वळलेली.

“नाही,” आत्या म्हणाली. “तुटतंय. तो एक शब्द बोलतो आणि चार गिळतो.”

पुन्हा लावला. पुन्हा तेच, फक्त या वेळी बाबा दुसऱ्या ठिकाणी थिजले. फोन यंत्राजवळ नेला, दाजींचा फोन खिडकीत नेला, दाजींना फोन घेऊन अंगणात उभं केलं, हात वर करून. बाबा थिजतच राहिले. हनुवटी उडवायची जागा तर प्रत्येक वेळी चुकत होती. इकडे हनुवटी, तिकडे थेट दाभण हातात. मधलं जे काही होतं, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते हवेत कुठेतरी गळत होतं. आई प्रत्येक वेळी स्टुलावरून थोडी पुढे झुकायची आणि थोडी मागे यायची. ते मला बघवेना. मी ते यंत्र उपटून काढलं आणि शिकंज्यावर आदळलं.

“अरे, ऑफिसचं आहे ते,” दाजी दारातून म्हणाले. हात अजून वरच होता.

“मग ऑफिसात ठेवायचं होतं. इथे कशाला आणलंत? दुपारपासून नुसतं हे करून बघ, ते करून बघ. तुम्हाला काही येत नाही हे सांगायला काय होतं?”

आत्याने डोळे मिटून घेतले. आईने माझ्याकडे बघितलं, फक्त बघितलं, आणि मला माझीच लाज वाटली. दाजी बिचारे रजा टाकून आले होते. सव्वाचार झाले होते.

मी पुन्हा वायर उचलली. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पिन खुपसली, दाबून धरली, निळ्या चौकोनाने एकदा डोळा मिचकावला. खरंच मिचकावला, क्षणभर काळा झाला आणि परत निळा.

“थांब,” आई म्हणाली. ती उठली, माझ्या हातातला फोन घेतला आणि ब्लँकेटची कड उचलून उजेडात धरला. “पिन आत जातच नाहीये रे. हे बघ. पुठ्ठ्याला अडते.”

पुठ्ठा म्हणजे फोनचं कव्हर. ते बाबांनी केलेलं. दुकानातली रबराची कव्हरं त्यांना बघवत नसत. फोन त्यांच्या दृष्टीने एक पुस्तक होतं आणि पुस्तकाला बांधणी हवी. त्यांनी जायच्या दोन महिने आधी फोन माझ्याकडून काढून घेतला, मापं घेतली, पातळ पुठ्ठा कापला, वर गडद हिरवं बांधणीचं कापड डकवलं, कडेने बारीक टाके घातले. कॅमेऱ्याला खिडकी, बटणांना खिडकी, खाली चार्जरला भोक. सगळं नजरेच्या अंदाजाने. छापखान्यात लोक फोन हातात घेऊन बघायचे. बाबांनी माझ्यासाठी हाताने केलेली ती शेवटची वस्तू होती आणि पाच महिने मी ती एकदाही काढली नव्हती. काढता येणारच नव्हती. शिवलेली, वर डकवलेली, काढायची म्हणजे कापायचीच.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणायला हरकत नव्हती, पण मला ते म्हणवलं नाही.

“थोडं तासून बघू,” मी म्हटलं. “कडेने जरासं.”

“दुहेरी पुठ्ठा आहे,” आई म्हणाली. “तासून फाटेल आणि पिनही जाणार नाही. काप.”

“नको, आई. राहू दे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर आत्याला फोनवरच दिसेल.”

“दुसरा डोळा होईल का बिघडेल, कुणी सांगितलंय? मला आज बघायचंय.”

“बाबांचं आहे ते.”

“मग काय झालं? माझाही हात आहे त्यात. टाके मी घातलेत.”

हे मला माहीत नव्हतं. तिने बाबांच्या हत्यारांतली पुठ्ठा कापायची सुरी बरोबर तिच्या जागेवरून काढली, फोन शिकंज्याच्या कडेला टेकवला आणि खालच्या बाजूने टाका पकडून एका ओढीत कापड सोडवलं. बाबांसारखंच, श्वास धरून. मग मागची बाजू वेगळी केली. पुठ्ठा चरचरत सुटला. फोन उघडा पडला, गुळगुळीत आणि परका. कॅमेऱ्याच्या शेजारी, जिथे हिरवं कापड घट्ट डकवलेलं होतं तिथे, टाचणीच्या टोकाएवढं एक भोक होतं आणि त्यात वाळलेली खळ बसली होती.

मी ते दाजींना दाखवलं. दाजींनी चष्मा वर केला. “हा माइक आहे,” ते हळूच म्हणाले. “व्हिडिओचा आवाज इथून जातो.” त्या दिवसातली त्यांनी सांगितलेली पहिली बरोबर गोष्ट.

फोनवर बोलायचा आवाज खालच्या भोकातून जातो, म्हणून माझी बोलणी कधी अडली नाहीत. व्हिडिओ मी दुसरा कुठला घेतलाच नव्हता. बाबांनी कॅमेऱ्याला खिडकी ठेवली, चार्जरला भोक ठेवलं, आणि जिथून त्यांचा स्वतःचा आवाज जायचा तेवढं व्यवस्थित, सुरकुती न पडता, बुजवलं. कुणावर चिडायचं तेच मला कळेना. पाच महिने मी फोन बनवणाऱ्यांना शिव्या घालत होतो.

पिन लावली. टक् असा आवाज आला. इतका साधा. भिंतीवर माझा फोन होता.

आता घाई करायची नव्हती. प्रोजेक्टर मागे ओढला, बाबांचं तोंड खरोखर ताटाएवढं होईपर्यंत. आत्याला स्टुलासकट पुढे घेतलं. व्हिडिओ लावला. दोरा वर गेला, खाली आला, कुठेही न अडता. बाबांनी दाभण ठेवलं आणि आमच्याकडे बघितलं.

“चालू आहे का हे,” आत्या म्हणाली.

“चालू आहे,” दाजी म्हणाले.

आत्याने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिचा आवाज नेहमी एकाच पट्टीत असतो, ना वर ना खाली, त्याच आवाजात ती पुढे बोलत राहिली. “चालू आहे का हे. असेल. ऐक. तुझ्या फोनचं कव्हर चुकलंय माझं. काल चार्जर लावताना बघितलं, पिन आत बसत नाही. पुठ्ठा जाड झाला. ते कापून टाक, मी दुसरं बांधून देतो. उगाच जपत बसू नकोस.”

आईच्या मांडीवर ते हिरवे तुकडे होते. तिने त्यांच्यावर हात ठेवला.

भिंतीवर बाबांनी हनुवटी उडवली. आत्या पुढे झुकली. “मागे घे,” ती म्हणाली. मी मागे घेतलं. हनुवटी पुन्हा उडाली. “अजून एकदा.” तिसऱ्यांदा तिने हाताने थांब अशी खूण केली आणि आईकडे वळली, कारण हे तिला आईलाच सांगायचं होतं.

“वहिनी, तो म्हणतो, आणि आत सांग, सोमवारी येतो म्हणावं डॉक्टरकडे. दुखतंय खरं. ती म्हणते तेच बरोबर. पण मी म्हटलं असं सांगू नकोस, तूच समजूत घातलीस म्हणून सांग. नाहीतर वर्षभर ऐकवेल.”

दाजी हसले आणि लगेच थांबले.

“सोमवारी,” आई म्हणाली.

व्हिडिओत बाबांनी दाभण उचललं होतं. मला राहवलं नाही. मी आईच्या समोर जाऊन बसलो. “आई, त्यांनी मला सांगितलं होतं. फोनमध्ये सांगून ठेवलंय, बघून घे, असं. मी बघितलं नाही. बघितलं असतं तर आवाज नाही हे त्याच दिवशी कळलं असतं. मी विचारलं असतं.”

“माहीत आहे मला,” आई म्हणाली. “खिडकीत उभी होते. मला ऐकू आलं होतं. म्हणून तर पाच महिने तुझ्यामागे लागले. उगाच लागले असते का?”

“मग तू बोलली का नाहीस?”

“मी तरी कुठे विचारलं त्यांना, काय सांगून ठेवलंत म्हणून? अबोला होता ना माझा.” तिने नाक पुसलं. “परत लाव. आणि ते बघतात तिथे थांबव.”

मी लावलं आणि थांबवलं. हनुवटी खाली आल्यानंतर बाबा क्षणभर समोर बघतात, तिथे. भिंतीएवढे बाबा, आणि खाली स्टुलावरून उठून उभी राहिलेली आई, त्यांच्या खांद्यालाही न लागणारी.

“मी म्हटलं असं सांगू नकोस म्हणे,” आई भिंतीला म्हणाली. “का? मी काय खाल्लं असतं? गुरुवारी रात्री जेवलात, शुक्रवारी जेवलात, शनिवारी माझ्यासमोर बसून दोनदा वाढून घेतलंत. तेव्हा तोंडाला काय झालं होतं? फोनला सांगता येतं, माझ्याशी बोलता येत नाही? आणि सांगितलंत तेही कसं, वर कापड डकवून…”

तिचा आवाज चढत गेला. पाच महिन्यांत तो इतका चढलेला मी ऐकला नव्हता. ती त्यांना मंगळवारपासूनचं सगळं ऐकवत होती, पित्ताच्या गोळ्यांपासून. आत्या थोडा वेळ तिच्या ओठांकडे बघत होती. मग तिने हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

मी दाजींना दंडाला धरून बाहेर नेलं आणि दार ओढून घेतलं. त्यांनी घड्याळ बघितलं.

“पाच वाजतायत रे. ते वाचनालय…”

“वाजू देत,” मी म्हटलं.